पंचकल्याणीचा चौथा पाय

आमच्या घरातून पेणला दोघी गेल्या. एक माझी लेक मुग्धा आणि दुसरी मंजुळा. मुग्धा लग्न होऊन गेली, ते रीतीला धरूनच झालं. मंजुळा मात्र घोडी आहे, आणि ती कशी गेली हे सांगितल्याशिवाय पुढचा प्रवास कळायचा नाही.

आम्ही खानदेशातले, तापीकाठचे. आमच्याकडे नवरदेव घोडीवरून येतो. मुग्धाच्या लग्नात माझ्या भावाच्या शेतावरची मंजुळा आणली होती. जावई तिच्यावर बसले, घाबरले आणि उतरले. पण त्यांच्या वडिलांची, म्हणजे माझ्या व्याह्यांची, नजर घोडीवर बसली ती उतरेचना. मंगलाष्टकं चालू होती तेव्हा हे नाना मांडवाबाहेर घोडीला गूळ भरवत उभे होते. शेवटी माझ्या भावाने मोठ्या मनाने सांगून टाकलं, न्या हो, लेक दिली तिथे घोडीचं काय. वऱ्हाडाच्या बसमागे टेम्पोतून मंजुळा कोकणात गेली, आणि मुग्धापेक्षा कमी रडली.

त्यानंतर गेल्या थंडीत नानांचा फोन आला. रोह्याला घोड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. मंजुळेचं नाव त्यांनी घातलं होतं. "तुम्ही घोड्यांच्या मुलखातल्या, विहीणबाई. नियम वाचून समजावायला तुम्हीच या." मी निवृत्त भूगोल शिक्षिका. घोड्यांशी माझा संबंध एवढाच की मी वर्षानुवर्षं 'अश्व अक्षांश' शिकवले. पण व्याह्यांच्या घरी आपल्याला कुणी जाणकार समजत असेल तर तो गैरसमज दूर करू नये, असं माझं मत आहे. मी पिशवी भरली.

पेण

व्याह्यांचं घर म्हणजे पुढे लांब पडवी आणि मागे गणपतींचा कारखाना. पेणला त्या आळीत हे असंच असतं. आमच्याकडे दारात कापसाचे ढीग असतात तसे इथे गणपती. पडवीत पांढऱ्या, बिनरंगाच्या मूर्ती ओळीने सुकत ठेवलेल्या, आणि त्यांच्या शेजारी खुंटाला बांधलेली मंजुळा शांतपणे गवत चघळत होती. आधी कुणाला हात जोडावेत ते मला कळेना. मी मधोमध बघून जोडले.

माझ्या विहीणबाई, म्हणजे नानांची बायको, आखणीचं काम करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाचा रंग कारखान्यात कुणीही देतं, डोळे मात्र त्याच काढतात, आणि पंचक्रोशीत त्यांच्या हाताला मान आहे. त्यांच्या नजरेला वाकडं किंवा अर्धवट काही खपत नाही. प्रवासात माझं कुंकू जरासं तिरकं झालं होतं. चहाचा कप हातात द्यायच्या आधी त्यांनी ते पदराच्या टोकाने सरळ केलं आणि मग म्हणाल्या, "आता बसा." इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, यांच्या पर्समध्ये बारीक ब्रश आणि रंगाच्या दोन डब्या असतात.

घरात पाऊल टाकल्यावर लगेचच मला खरी गोष्ट कळली. हे प्रदर्शन निव्वळ हौस नव्हती. नवरा-बायकोची शर्त लागली होती.

"पडवी कुनाची, विहीणबाई, तुम्हीच सांगा," विहीणबाईंनी मला न्यायाधीश केलं. "गणपतीची का घोडीची? जागा पुरत नाय. कोकणात घोडी ठेवून करायचं काय? शेतात चालत नाय, होडीत बसत नाय."

"दिसायला बरी वाटते," नाना म्हणाले.

"दिसायला तर मी पन बरी होते. मला कुनी पडवीत बांधून गूळ नाय घातला."

शर्त अशी होती: रोह्याला मंजुळेला रिंगणात घेतलं, तर ती या घरची दुसरी सून म्हणून पडवीत राहील. बक्षीस मिळो न मिळो, फक्त आत घेतली पाहिजे. तपासणीत बाद झाली, तर माझ्याबरोबर परत खानदेशात. आमच्या दिशेने नाशिकपर्यंत पोहे नेणारा एक टेम्पो जाणारच होता, त्यातून. पुढचं मी बघायचं. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. भावाने त्याच मोसमात शेत बटाईने देऊन टाकलं होतं. म्हणजे घोडी बाद झाली तर ती थेट माझ्या जिन्यात. त्या क्षणापासून मी नियमांचा अभ्यास बोर्डाच्या परीक्षेसारखा करायला घेतला.

नियमावली नानांच्या मोबाईलवर आली होती. मी चष्मा लावून मोठ्याने वाचू लागले. घोड्याचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरांचं हवं. धरणाऱ्या माणसाचे कपडे पांढरे, पूर्ण बाह्यांचे हवेत. घुंगरू, गोंडे, काजळ, मेंदी असा कोणताही शृंगार चालणार नाही. इथे मी थांबलेच. आमच्याकडच्या घोडेबाजारात घोडा इतका सजवलेला असतो की विकत घेणाऱ्याला आतला घोडा शोधावा लागतो. नानांनी खिन्नपणे खुंटीवरची घुंगरांची माळ काढून कपाटात ठेवली.

पुढचा नियम होता तो असा: रंग आणि खुणा अर्जात लिहिल्याप्रमाणेच असाव्यात, तफावत दिसल्यास प्रवेश नाही.

"अर्जात काय लिहिलंत, नाना?"

"पंचकल्याणी," नाना छाती काढून म्हणाले.

पंचकल्याणी म्हणजे चारही पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. फार शुभ मानतात. मी उठून पडवीत गेले. कपाळ पांढरं. पुढचे दोन्ही पाय पांढरे. मागचा डावा पांढरा. मागचा उजवा मात्र आतून पांढरा आणि बाहेरून तांबडा, जणू रंगवणारा मध्येच जेवायला उठून गेला होता. विहीणबाई माझ्या मागोमाग आल्या. त्यांनीही तो पाय पाहिला, बराच वेळ पाहिला.

"साडेचार कल्याणी आहे ही," मी म्हटलं.

"आतून बघितली की दिसते," नाना म्हणाले.

धरमतरची खाडी

सरकारी डॉक्टर धरमतरकडच्या एका गावी म्हैस बघायला गेले होते, म्हणून आम्ही मंजुळेला टेम्पोत घालून तिकडे गेलो. खाडीवरचा वारा असा की माझ्या अंबाड्याने तिथेच राजीनामा दिला. एकीकडे धक्क्याला लागलेली मालाची बार्जं, दुसरीकडे मिठागरं. आमच्या खानदेशात मीठ दुकानात मिळतं. इथे ते शेतात पिकतं, चौकोनी वाफ्यांत, आणि बांधावर त्याचे पांढरे शुभ्र ढीग घातलेले असतात, हे मी मुलांना आयुष्यभर फळ्यावर शिकवलं आणि डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. मला इतका आनंद झाला की मी वाकून एक खडा जिभेवर ठेवला.

मंजुळेनेही तेच केलं. टेम्पोतून उतरताच ती सरळ मिठाच्या ढिगाकडे गेली आणि चाटत सुटली. नानांनी लगाम ओढला, मी नानांना ओढलं, घोडीने आम्हा दोघांना ओढलं. मिठागरात काम करणाऱ्या एक आजी डोक्यावरची टोपली उतरवून आमची मजा बघत उभ्या राहिल्या.

"कोनाची गो ही घोरी?"

"आमचीच," मी धापा टाकत म्हटलं. "तुमचं मीठ खातेय हो."

"खाऊ दे. खालेल्या मिठाला जागंल," आजी म्हणाल्या आणि पुन्हा टोपली उचलली.

मंजुळा तहानलेली होईपर्यंत चाटत राहिली आणि मग पाण्याच्या बादलीकडे आपणहून आली. डॉक्टरांनी तिचे दात पाहिले, छातीला नळी लावली, शेपूट उचलून ताप मोजला. प्रकृती ठणठणीत. सही करता करता त्यांची नजर अर्जाच्या प्रतीवर गेली, मग मागच्या पायावर.

"पंचकल्याणी का?" ते म्हणाले. "हे बघा, मी ताप मोजतो, पाय मोजत नाही. पण रोह्याचे लोक मोजतील."

इथेच घोडं पेंड खातं, ते मला समजलं.  परतताना टेम्पोत नाना हळूच म्हणाले, "बाद झाली तर खानदेशात तिला खाडीचं मीठ नाय मिळायचं." मला एकदम गलबलून आलं. माणूस किती वेडा असावा आणि किती गोड.

वरसे

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्ही रोह्याला लागून असलेल्या वरशाला जाऊन राहिलो. जावई तिथल्या कंपनीत शिफ्टला जातात, त्यांनी जवळच घर भाड्याने घेतलंय. वरशात आता शेत कुठे संपतं आणि सोसायटी कुठे सुरू होते हे सांगणं कठीण आहे. मंजुळेला आम्ही पार्किंगमध्ये, एका स्कूटरच्या आणि एका पिकअपच्या मधे बांधलं. शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, हिला पार्किंगचा नंबर कुठला दिलाय.

संध्याकाळी मुग्धाने पोपटी लावली. आमच्याकडे थंडीत शेतात भरीत-पार्टी असते, वांगी काड्यांवर भाजायची. इथे पोपटी. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि मीठ. तोंड पाल्यानेच बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. माझी लेक, जिला माहेरी चहा उकळला की गॅस बंद करायची आठवण करून द्यावी लागे, ती मडक्यावर पाण्याचे थेंब उडवून आवाजावरून "झाली" असं सांगत होती. मी तिच्याकडे बघतच राहिले.

शेकोटीच्या उजेडात मी उरलेले नियम वाचायला घेतले होते. चष्म्यावर धूर, मोबाईलवर राख. दुसऱ्या पानाची जेमतेम सुरुवात झाली आणि मुग्धाने मडकं फोडलं. तो वास आला, ओव्याचा आणि भाजक्या शेंगांचा. मी मोबाईल बाजूला ठेवला. ज्याने वालाची पोपटी खाल्ली आहे तो मला दोष देणार नाही. एक शेंग दातांनी ओढली की दुसरी आपोआप हातात येते, आणि नियमावलीला काही असा पाला लावलेला नसतो.

"बाकीचं काय लिहिलंय?" नानांनी विचारलं.

"तेच ते," मी तोंड भरलेलं असताना म्हटलं.

 शेंगा सोलता सोलता विहीणबाईंची नजर पार्किंगकडे जात होती. मला वाटलं, शर्त जिंकणार म्हणून मनात आनंद होत असेल.

रोहा

सकाळी मी उठले तेव्हा विहीणबाई आधीच आंघोळ करून, केसांत अबोली माळून तयार होत्या. मंजुळेला खरारा झालेला, अंग चकाकत होतं. तिच्याकडे नीट बघायला कुणाला वेळ नव्हता, कारण नानांचे पांढरे कपडे सापडत नव्हते. शेवटी त्यांनी मुग्धाच्या लग्नातला लेंगा-झब्बा घातला. घुंगरू बंद, गोंडे बंद, म्हणून त्यांनी निदान शेपटीला एक लाल रिबीन बांधली. लग्नातल्या कपड्यांत नाना आणि रिबीन लावलेली घोडी असे दोघं निघाले, तेव्हा सोसायटीतल्या बायका गॅलरीत जमल्या.

कुंडलिका नदीजवळच्या मैदानात प्रदर्शन होतं. अशी जनावरं जमली होती की मला माझ्या मुलखाची आठवण आली. तपासणीसाठी लांबलचक रांग. पण आमचं नशीब बघा. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि मागचे लोक मागे सरकले, पुढचे पुढे सरकले. आमच्याभोवती मोठी मोकळी जागा झाली. कुणी एकाने तर आपल्या शिंगराला उचलूनच बाजूला घेतलं.

"मान देतात लोकं," नाना खुशीत म्हणाले.

"कोकणात पाहुणचार फार," मीही म्हटलं.

धूळ बसावी म्हणून तपासणीच्या जागेपुढे पाणी मारलेलं होतं. आमचा नंबर आला तसे नाना ऐटीत त्या ओल्या जमिनीवरून मंजुळेला घेऊन चालले. मी आणि विहीणबाई मागून. आणि चालता चालता मला जमिनीवर काहीतरी पांढरं दिसलं. एक पाऊल. थोड्या अंतरावर आणखी एक. अर्धगोल, स्वच्छ, पांढरं. गौरी आणताना दारापासून देवघरापर्यंत पावलं काढतो तशी ती रांगेपासून टेबलापर्यंत गेली होती. फक्त ही गौर एकाच पायाने चालत आली होती, मागच्या उजव्या.

मी विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाई समोर बघत होत्या, अगदी ताठ.

तपासणीस एक उंच बाई होत्या, गळ्यात शिट्टी. त्यांनी कागद पाहिले, मान हलवली, कपाळ पाहिलं, पाय पाहिले. मंजुळेचे चारही पाय शुभ्र होते. मग त्यांनी जमिनीकडे पाहिलं. पावलांचा माग काढत त्या उलट दिशेने चालत रांगेपर्यंत गेल्या आणि परत आल्या. एक ओला स्पंज घेतला आणि मागचा उजवा पाय पुसला. स्पंज पांढरा झाला, पाय तांबडा झाला.

"हे काय आहे?"

 नानांना खरंच काही माहीत नव्हतं. ते आळीपाळीने पायाकडे, स्पंजकडे आणि माझ्याकडे बघत होते. मी जाणकार होते ना.

"मी केलंय ते," विहीणबाई पुढे झाल्या. "पहाटे. मूर्तीला पहिला हात देतो तोच रंग हाय. घोडीला बाधत नाय, गोंदातला हाय."

"बाई, शृंगार चालत नाही म्हणून स्पष्ट लिहिलंय."

"शृंगार कुठं केलाय? शृंगार केला असता तर तुमच्या स्पंजला गावला नसता." विहीणबाईंचा आवाज चढला नाही, पण हात कमरेवर गेला. "देवाकडून ऱ्हायलेलं काम पुरं केलंय. तीन पाय पांढरे आनि एक अर्धा. पेनच्या बाईला असं अर्धवट बघवतंय व्हय? चार लोकांत न्यायची होती तिला. माझ्या घरातून जी जाते ती पुरी होऊनच जाते."

 तपासणीस बाईंना हसू येत होतं आणि ते त्या कष्टाने दाबत होत्या.

"अहो, पण गरज काय होती?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या पानावर आहे की. खुणा लिहिण्यात चूक झाली असेल तर तपासणीच्या टेबलावर तोंडी सांगून दुरुस्त करता येते. तीन पाय पांढरे, एक अर्धा, एवढं सांगितलं असतं तर मी हिला आत सोडली असती. छान घोडी आहे. आता रंग लावलेला सापडला, आता माझा इलाज नाही."

माझ्या जिभेवर अजून ओव्याची चव होती. मी ती गिळली.

"आणि ही लाल रिबीन," बाई कागदावर फुली मारता मारता म्हणाल्या, "लाथ मारणाऱ्या घोड्याला बांधतात. तेही दुसऱ्याच पानावर आहे. मारते का ही?"

"मुंगीला नाय मारत," नाना म्हणाले.  मंजुळेच्या मानेवर त्यांनी हात ठेवला होता. रिंगणात बँड सुरू झाला. मंजुळेने कान टवकारले, तिला वाटलं कुणाचं तरी लग्न आहे.

पुन्हा पेण

 परतीच्या वाटेवर नागोठण्याच्या अलीकडे मला त्या मागे सरकलेल्या रांगेची आठवण झाली आणि हसू फुटलं. मुग्धा हसली. नाना डोळे पुसत हसले. त्यातलं हसणं कुठलं आणि रडणं कुठलं ते विचारण्यात अर्थ नव्हता. विहीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. शर्त त्यांनी जिंकली होती.

नाशिकचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी लागला. मी पोहे, पापड आणि मिठाची एक पुरचुंडी बांधून घेतली होती, आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना घोडीबद्दल काय सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होते. नाना घुंगरांची माळ हातात घेऊन पायरीवर बसले होते. तिथे घालायला चालेल ना, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी त्यांच्याकडे न बघता हो म्हटलं.

मंजुळेला सोडायला आम्ही पडवीत गेलो. विहीणबाई तिच्या मागच्या पायाशी पाट घेऊन बसल्या होत्या. शेजारी पांढऱ्या रंगाची वाटी. त्या ब्रशाने, डोळे आखावेत इतक्या निगुतीने, उजवा पाय पुन्हा पांढरा करत होत्या. मंजुळा पाय जराही न हलवता उभी होती. भिंतीला रातोरात फळ्या ठोकलेल्या दिसत होत्या आणि खालच्या मूर्ती सगळ्या वर चढल्या होत्या.

"टेम्पोवाला थांबलाय," मी म्हटलं.

"त्याला जाऊ दे." विहीणबाईंनी मान वर केली नाही. "रंग ओला हाय. ओल्या रंगाची मूर्त आमच्या घरातून भायेर जात नाय. धंद्याचा नियम हाय."

नानांच्या हातातली घुंगरं वाजली. मी एकटीच त्या टेम्पोत बसले, पुढे, ड्रायव्हरशेजारी, पोह्यांच्या पोत्यांना टेकून. घरी पोचेपर्यंत हसत होते.

त्यानंतर मी अधूनमधून फोन करते. उन्हाळ्यात विचारलं, सुकला का हो रंग? तर म्हणाल्या, उन्हात सुकवला तर तडा जातो, सावलीत ठेवलाय. काल पुन्हा विचारलं. तिकडे पावसाचा आवाज येत होता, आणि मधूनच घुंगरांचा.

"कुठं सुकतोय, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "कोकणातली हवा. दमट हाय."